समुद्र कोणाचा, खलाशी कोणाचा?

जमिनीवरचा कायदा समजावून सांगणाऱ्याला एक सोय असते. येथवर आपला सातबारा, पुढे बांध, बांधापलीकडे दुसऱ्याचे, असे बोट दाखवून सांगता येते. समुद्रावर बोट दाखवावयाचे कोठे? म्हणून तात्त्विक चर्चेत शिरण्यापूर्वी मुंबईकरांनी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट आम्ही सांगतो.

३१ जुलै २०११ रोजी जुहूच्या किनाऱ्यावर एक टँकर येऊन वाळूत रुतला. त्याचे नाव ‘पवित’. त्यावर माणूस नव्हता. महिनाभर आधी ओमानच्या बाजूला त्यात पाणी शिरले, इंजिन बंद पडले, तेव्हा त्यावरील तेरा भारतीय खलाशी एका ब्रिटिश युद्धनौकेच्या मदतीने सुटले आणि सुखरूप घरी आले. जहाज बुडाले असे समजून ज्याने त्याने आपापल्या वहीतून त्याचे नाव खोडले. पण ते बुडाले नाही. पावसाळी वाऱ्यावर सबंध अरबी समुद्र ओलांडून ते एवढ्या मोठ्या शहराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले, तोवर कोणाला पत्ता नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याची आठवण ताजी होती, त्यामुळे वर्तमानपत्रांनी सुरक्षेचा प्रश्न लावून धरला, आणि ते योग्यच झाले. आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांच्या मनात मात्र दुसराच प्रश्न आला. हे जहाज कोणाचे? झेंडा पनामाचा, मालक दुबईचा, खलाशी भारताचे, सोडवणारे इंग्रज, आणि रुतले ते जुहूला. पनामाचा कोणी अधिकारी या जहाजाची चौकशी करीत अरबी समुद्रात हिंडत होता, असे काही आमच्या वाचनात आले नाही.

आजचा सगळा विषय या एका जहाजात सामावलेला आहे. समुद्राचे राज्य कोण चालवतो, आणि त्या राज्यात राबणाऱ्या माणसाला कोण शिकवतो व कोण सांभाळतो, हे दोन प्रश्न सहसा वेगवेगळ्या व्याख्यानांत मांडले जातात. पहिला प्रश्न वकिलांचा आणि दुसरा बोटीवर जाणाऱ्या मुलांच्या आईबापांचा, अशी आपली समजूत असते. आमच्या मते ते एकाच प्रश्नाचे दोन तुकडे आहेत.

पहिल्या तुकड्यापासून आरंभ करू. समुद्र कोणाचाही नाही, तो सर्वांना मोकळा आहे, हा सिद्धान्त ह्यूगो ग्रोशियस या डच पंडिताने १६०९ साली मांडला. तत्त्व उदात्त खरे. पण पोर्तुगिजांची मक्तेदारी मोडून डच व्यापारी कंपनीला पूर्वेकडे वाट करून द्यावयाची होती, हे त्यामागचे कारण विसरून चालणार नाही. पुढे किनाऱ्यापासून तीन मैल त्या त्या राज्याचे आणि बाकीचा समुद्र मोकळा, असा व्यवहार रूढ झाला. तोफेचा गोळा जाईल तेथवर राज्य, असा त्याचा साधा हिशेब होता. ज्याची जहाजे मोठी त्याचे स्वातंत्र्यही मोठे, ही गोष्ट गोव्यापासून जव्हारापर्यंतच्या आपल्या लोकांना कोणी वेगळी शिकवावयास नको.

हा हिशेब बदलला तो एका लहानशा देशाच्या प्रतिनिधीने. १ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टाचे प्रतिनिधी अर्विद पार्दो संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे बोलावयास उभे राहिले आणि तासन्‌तास बोलले. खोल समुद्राच्या तळाशी मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असलेले गोळे पसरले आहेत; ज्याच्याकडे यंत्रसामग्री तो ते उपसून नेईल आणि गरीब देश काठावर उभे राहून पाहत बसतील, असे त्यांनी बजावले. त्यांची मागणी अशी होती की, हा तळ मानवजातीचा समाईक वारसा मानावा. आपल्याकडील गायरान ज्याला ठाऊक आहे त्याला ही कल्पना समजावयास कष्ट पडणार नाहीत. गायरान कोणा एकाचे नसते, म्हणून ते बळकावणारेही पुष्कळ असतात. ते टिकते ते गावाने राखणदार नेमला तरच.

राखणदार नेमण्यास वेळ लागला. १९७३ ते १९८२ अशी नऊ वर्षे वाटाघाटी चालल्या, १० डिसेंबर १९८२ रोजी जमैकातील माँटेगो बे येथे सागरी कायद्याच्या करारावर सह्या झाल्या, आणि तो अमलात आला १९९४ साली. भारताने त्याला १९९५ मध्ये मान्यता दिली. अमेरिकेने अद्याप दिलेली नाही, हे येथेच नोंदवून ठेवतो. या करारानुसार किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत त्या देशाचा अंमल. दोनशे मैलांपर्यंत मासळी, तेल व इतर संपत्तीवर त्याचा हक्क. त्यापलीकडे मोकळा समुद्र. आणि देशांच्या हद्दींपलीकडचा तळ सर्वांचा. तळाची व्यवस्था पाहणारी संस्था जमैकातील किंग्स्टन येथे आहे. या बाबतीत आपला देश मागे नव्हता. आज गोव्यात दोना पावला येथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली. तिच्या ‘गवेषणी’ या जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरून हे गोळे वर काढले, आणि १९८७ साली मध्य हिंदी महासागरातील क्षेत्र भारताच्या नावे नोंदले गेले. त्या क्षेत्राबरोबर एक अट येते, ती आम्हांला फार महत्त्वाची वाटते. तळाचे काम घेणाऱ्याने विकसनशील देशांतील माणसांना आपल्या खर्चाने शिक्षण दिले पाहिजे. वारसा समाईक म्हणावयाचा आणि तो वापरण्याची विद्या मूठभरांच्या हाती ठेवावयाची, ही फसवणूक झाली असती, हे करार करणाऱ्यांनी ओळखले.

ते ओळखावयास लावणाऱ्यांत एक बाई होत्या. एलिझाबेथ मान बोर्गेझे. जर्मन कादंबरीकार टॉमस मान यांची ही कन्या. कायद्याची पदवी नाही, जहाजाचा धंदा नाही, तरी त्यांनी पार्दोंच्या कल्पनेला आयुष्य वाहिले. १९७० मध्ये माल्टात त्यांनी समुद्रावर परिषद भरवली आणि १९७२ साली तेथेच आंतरराष्ट्रीय महासागर संस्था उभी केली. लहान देशांतून वाटाघाटींना येणाऱ्या अधिकाऱ्यांना समोरच्या टेबलावरचे मसुदेच कळत नाहीत, मग ते सही कशावर करणार, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. म्हणून त्यांच्या संस्थेने अशा अधिकाऱ्यांसाठी वर्ग काढले. आम्ही स्वतः कामगार वर्गांत शिकलेली माणसे. मालकाच्या वकिलाने पुढे सरकवलेला करार वाचता न येणे म्हणजे काय, ते आम्हांला पुस्तकातून समजून घ्यावे लागत नाही. म्हणून या बाईंचे नाव आम्हांला मोठमोठ्या मुत्सद्द्यांच्या आधी आठवते.

परंतु तळाच्या गोळ्यांविषयी एवढा जागरूक असलेला हा करार पाण्यावरच्या माणसाविषयी काय म्हणतो? मोकळ्या समुद्रात जहाजावर अंमल फक्त एका देशाचा, ज्याचा झेंडा त्याचा. त्या देशाने जहाज सुरक्षित आहे की नाही, त्यावर पुरेशी माणसे आहेत की नाहीत, कामाच्या अटी काय आहेत आणि खलाशांना शिक्षण मिळाले आहे की नाही, हे पाहिले पाहिजे. हे सारे कराराच्या ९४ व्या कलमात स्वच्छ लिहिलेले आहे. ९१ वे कलम तर म्हणते की, देश आणि जहाज यांच्यात खरेखुरे नाते असले पाहिजे. हे नाते म्हणजे काय, ते मात्र कोठेच सांगितलेले नाही. आणि सगळी गोम येथेच आहे.

जगातील जहाजांच्या मोठ्या वाट्यावर आज लायबेरिया, पनामा आणि मार्शल बेटे या तीन देशांचे झेंडे फडकतात. या देशांत एवढे जहाजमालक राहत नाहीत. मालक ग्रीसचा, जपानचा, जर्मनीचा किंवा आणखी कोठला असतो. कर वाचतो, स्वतःच्या देशातील पगाराचे व नोकरीचे कायदे चुकतात, म्हणून तो फी भरून परका झेंडा घेतो. यांना ‘सोयीचे झेंडे’ म्हणतात. सोय कोणाची, ते सांगावयास नकोच. १९४८ साली ऑस्लो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार संघाच्या अधिवेशनाने या झेंड्यांविरुद्ध मोहीम पुकारली, ती अजून चालू आहे. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ‘खरे नाते’ ठरवणारा एक करार तयार केला. पुरेशा देशांनी मान्यता न दिल्यामुळे तो कधी अमलातच आला नाही. कागदावर राहिलेल्या करारांचे एक वेगळे स्मशान आहे, आणि खलाशांचे करार त्यात बरेच आहेत. १९४६ साली सिअॅटल येथे खलाशाला महिन्याला किमान १६ पौंड किंवा ६४ डॉलर द्यावेत असे ठरले होते. तोही तेथेच पोचला.

झेंड्याचा देश पाहत नसेल तर कोण पाहील? याचे उत्तर एका अपघातातून निघाले. १९७८ साली ‘अमोको कादिझ’ हा टँकर फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर फुटला आणि लक्षावधी पिंपे तेल तेथील कोळ्यांच्या दारात आले. झेंडा अर्थातच लायबेरियाचा. तेव्हा युरोपातील देशांनी ठरवले की, झेंडा कोणाचाही असो, आमच्या बंदरात आलेले जहाज आम्ही तपासणार आणि दोष सापडला तर अडकवून ठेवणार. १९८२ मध्ये पॅरिस येथे तसा समझोता झाला. हिंदी महासागराभोवतालच्या देशांचा असाच समझोता १९९८ साली झाला, आणि त्याची कचेरी आपल्या गोव्यात आहे. वास्कोजवळच्या त्या कचेरीविषयी गोमंतकीयांनाही फारसे ठाऊक नसते. पण आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या बंदरांत कोणत्या जहाजात काय दोष सापडला, ही माहिती त्या व्यवस्थेत एकत्र होते, आणि एका बंदरातून निसटलेले जहाज दुसऱ्या बंदरात ओळखले जाते. बंदरात उभे राहिलेले जहाज म्हणजे मालकाच्या खिशाला रोज लागलेली गळती. नीतीच्या उपदेशापेक्षा ही भाषा त्याला लवकर समजते.

आता दुसरा तुकडा. कोकणातून आणि गोव्यातून बोटीवर जाण्याची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे खलाशी, गोव्याचे तारवटी; मुंबईत त्यांच्या गावोगावच्या कुडी असत, तेथे एक पेटी आणि एक चटई एवढ्यावर माणूस पुढच्या बोटीची वाट पाहत राही. बोटीवर सारंग, तांडेल, सुकाणी, भंडारी अशी उतरंड. पण बोटीवर चढण्याआधी एक पायरी होती, ती घाट-सारंगाची. नोकरी त्याच्या हातात. त्याला दस्तुरी दिल्याशिवाय, आणि तीही बहुधा कर्ज काढून दिल्याशिवाय, नाव लागत नसे. पगार गोऱ्या खलाशाच्या कितीतरी खाली, आणि त्यातून पहिले हप्ते या कर्जाचे.

१९२० साली जिनोआ येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे दुसरे अधिवेशन भरले, ते केवळ खलाशांसाठी. त्यात कामाच्या तासांचा करार आवश्यक दोनतृतीयांश बहुमत थोडक्यात हुकल्यामुळे पडला. पण एक करार झाला, त्याचा आशय असा की, खलाशाला नोकरी लावून देण्याबद्दल त्याच्याकडून कोणीही पैसा घेऊ नये. आपल्या त्या वेळच्या सरकारने तो स्वीकारला नाही. आधीच्या वर्षी, १९१९ मध्ये, वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते ते आपले नारायण मल्हार जोशी, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. पुढे १९२९ साली नेमलेल्या शाही कामगार आयोगावर ते सभासद होते. ना. म. जोशींना शांत आणि मवाळ म्हणून हिणवणारे आमच्या चळवळीत पुष्कळ झाले. पण आंतरराष्ट्रीय करार हे गरिबाचे हत्यार आहे आणि ते चालवावयास शिकावे लागते, ही समज त्यांनी येथे रुजवली, असे आमचे मत आहे.

जिनोआचा तो नियम आपल्या खलाशाच्या पदरात पडावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली. २००६ साली जिनिव्हा येथे सागरी कामगार करार मंजूर झाला. जुने सदतीस करार त्यात एकत्र आणले होते. तो २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात भरतीबद्दल खलाशाकडून फी घेण्यास मनाई आहे. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती आहे. घरी परत पाठवण्याची जबाबदारी मालकावर आहे. आणि एक फार हुशारीचे कलम आहे: ज्या देशाने हा करार स्वीकारला नाही, त्याच्या जहाजालाही स्वीकारणाऱ्या देशाच्या बंदरात काही सवलत मिळणार नाही. म्हणजे बाहेर राहून फायदा नाही. बंदर-तपासणीची जी ताकद तेलगळतीतून जन्मली, ती आता पगाराच्या वहीलाही लागू झाली. २०१७ पासून त्याला विम्याची जोड मिळाली. मालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडले तर चार महिन्यांपर्यंतचा पगार, अन्नपाणी आणि परतीचे भाडे विम्यातून मिळावे, आणि त्याचा दाखला जहाजावर सर्वांना दिसेल असा लावावा.

एवढे झाले म्हणून सर्व आबादीआबाद आहे असे कोणी समजू नये. २०२० साली साथीमुळे देशोदेशींनी बंदरे बंद केली, तेव्हा वर्षअखेरीस सुमारे चार लक्ष खलाशी मुदत संपूनही जहाजांवर अडकून होते. जगाला धान्य, तेल आणि औषधे त्यांच्याच हातून पोचत होती. करार अमलात होता. बंदरात उतरू देणारा मात्र कोणी नव्हता. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार संघाच्या नोंदींप्रमाणे २०२४ या एका वर्षात तीनशेहून अधिक जहाजांवरील तीन हजारांहून अधिक खलाशांना मालकांनी बेवारस सोडले, आणि त्यांत सर्वांत मोठी संख्या भारतीयांची होती. असे का व्हावे? आपली मुले कमी शिकलेली आहेत म्हणून? आमच्या मते कारण उलट आहे. शिक्षण आहे, पण शिक्षण आणि नोकरी यांच्यामधला दरवाजा सांभाळणारा घाट-सारंग गेलेला नाही. त्याने धोतर सोडून सूट घातला आहे, एवढेच.

हे समजण्यासाठी शिक्षणाची गोष्ट थोडी मागून पाहिली पाहिजे. ५ एप्रिल १९१९ रोजी सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे भागीदार यांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून विलायतेस निघाले. मालक हिंदी झाला. पण हिंदी अधिकारी घडवणारी शाळाच देशात नव्हती. १९२२ साली सर शिवस्वामी अय्यर यांनी मध्यवर्ती विधिमंडळात ठराव आणला, समिती बसली, आणि १९२७ मध्ये माझगावसमोर ‘डफरिन’ हे शिक्षणाचे जहाज उभे राहिले. १९७२ साली त्याची जागा ‘राजेंद्र’ने घेतली आणि १९९३ पासून नवी मुंबईत ‘चाणक्य’ आहे. खलाशी मात्र तोवर वडिलांच्या किंवा गावच्या सारंगाच्या हाताखाली, शिव्या खात शिकत असे. त्यांच्यासाठी शिक्षणजहाजे निघाली ती स्वातंत्र्यानंतर.

त्या काळी प्रत्येक देशाचा दाखला निराळा. एका देशाचा सुकाणी दुसऱ्या देशाला अडाणी वाटे, आणि कित्येकदा तो तसा असेही. १९७८ साली लंडनमध्ये खलाशांचे शिक्षण, दाखले आणि पहारा यांविषयी पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. तो ढिला होता. देशाला समाधान वाटले म्हणजे झाले, असा त्याचा सूर होता. १९९५ मध्ये तो कडक केला. माणूस किती दिवस वर्गात बसला हे न विचारता, त्याला करता काय येते हे विचारावे, असे ठरले. आग विझवणे, होडी पाण्यात उतरवणे, बुडत्याला श्वास देणे, हे स्वयंपाक्यापासून कप्तानापर्यंत प्रत्येकाने करून दाखवले पाहिजे. देशांच्या शिक्षणव्यवस्थाही तपासल्या जाऊ लागल्या. जहाजावर बोलावयाची इंग्रजी वाक्येसुद्धा ठरवून दिली गेली, कारण फिलिपाइन्सचा सुकाणी, युक्रेनचा इंजिनिअर आणि देवगडचा खलाशी यांच्यात हुकूम चुकला तर परिणाम किनारा भोगतो. हुकूम ऐकणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणावयाचा, हा जुना रिवाज त्यातूनच पक्का झाला.

येथे एका भारतीयाचा उल्लेख केलाच पाहिजे. चंद्रिकाप्रसाद श्रीवास्तव हे १९६१ साली स्थापन झालेल्या भारतीय नौवहन महामंडळाचे पहिले प्रमुख. १९७४ ते १९८९ अशी सोळा वर्षे ते संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेचे महासचिव होते. नियम लंडनमध्ये होतात, पण ते राबवणारे तपासनीस, शिक्षक आणि अधिकारी गरीब देशांत नाहीत. तज्ज्ञ बाहेरून येतो, अहवाल लिहितो आणि जातो. हे ओळखून त्यांनी शिक्षक घडवणारी शाळा काढण्याचा ध्यास घेतला. १९८३ साली स्वीडनमधील माल्मो शहरात जागतिक सागरी विद्यापीठ सुरू झाले. आजवर सुमारे १७० देशांतील माणसे तेथून शिकून गेली आहेत. बंदरात जहाज अडकवणारा आफ्रिकेतला तपासनीस आणि त्याच जहाजाचा झेंडा देणाऱ्या बेटावरचा अधिकारी एकाच वर्गात बसलेले असू शकतात. परराष्ट्र मंत्रालयांतून वर्षभरात जे होत नाही, ते अशा ओळखीतून दूरध्वनीवर होते. आंतरराष्ट्रीय सहकार्य या जड शब्दाला आम्हांला दिसणारा अर्थ हा आहे.

आणि शिक्षणाचा उपयोग काय, हे विचारणाऱ्याला जून २०१५ मधील एक घटना सांगावी. बंगालच्या उपसागरात वादळ होते. ‘दुर्गाम्मा’ नावाची मासेमारी होडी इंजिन बंद पडून वाहत चालली होती. तिच्यावर सात जण होते, अन्नपाणी वाहून गेले होते. नौवहन महामंडळाच्या ‘संपूर्ण स्वराज्य’ या टँकरच्या कप्तान राधिका मेनन यांनी उसळत्या लाटांत जहाज वळवले आणि सातही जणांना शिडीवरून वर घेतले. बुडत्याला वाचवण्याचे कर्तव्य सागरी कराराच्या ९८ व्या कलमात आहे. पण कलम शिडी सोडत नाही. ज्याला किंवा जिला जहाज लाटांत कसे धरावयाचे हे शिकवलेले आहे, त्यांच्याच हातून ते कलम पाळले जाते. २०१६ साली सागरी संघटनेने राधिकाबाईंना शौर्याचे पारितोषिक दिले.

उलट बाजूही पाहावी. दाखला आंतरराष्ट्रीय झाला, तशी त्याला बाजारात किंमत आली आणि किंमत आली तशी नक्कलही आली. या शतकाच्या आरंभी कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी केलेल्या पाहणीत बनावट दाखले हजारोंनी सापडले. आपल्याकडचे दुखणे आणखी निराळे आहे. अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या मुलाला वर्गातील शिक्षणाबरोबर समुद्रावर साधारण वर्षभर काम करून नोंदवही भरावी लागते. शाळा भराभर निघाल्या. जहाजांवरील शिकाऊ जागा तेवढ्या वाढल्या नाहीत. बाप शेत गहाण टाकून फी भरतो, मुलगा परीक्षा उतरतो आणि मग जहाजाची वाट पाहत मुंबईत बसतो. नेमका याच वेळी सुटाबुटातला सारंग त्याला भेटतो. काही लाख द्या, बोटीवर चढवतो. आमच्याकडे अशा मुलांचे पालक येतात, तेव्हा त्यांच्या हातात पावती नसते. आणि बोट मिळालेलीच असेल तर ती असते एखादी जुनाट, झेंडा बदलत फिरणारी, पगार थकवणारी. बेवारस सोडलेल्या जहाजांवर आपली मुले सर्वाधिक का सापडतात, त्याचे उत्तर बरेचसे या रस्त्यावर आहे. भरती करणाऱ्याकडे नौवहन महानिदेशालयाचा परवाना हवा आणि त्याने मुलाकडून भरतीचा पैसा घेता कामा नये, एवढी माहिती ज्या गावातून मुले बोटीवर जातात त्या गावाच्या चावडीवर लागलेली आम्ही अजून पाहिलेली नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हा प्रश्न परका वाटत असेल तर २५ मे २०२५ चा दिवस आठवावा. लायबेरियाचा झेंडा असलेले ‘एम. एस. सी. एल्सा ३’ हे जहाज विळिंजमहून कोचीकडे जाताना कलंडून बुडाले. त्यावरील चोवीसही जण वाचले. पण सहाशेहून अधिक कंटेनर होते, काहींत धोक्याचा माल होता, आणि त्यानंतर कित्येक दिवस केरळच्या वाळूतून कोळी बायामाणसे प्लास्टिकचे बारीक दाणे वेचीत होती. मुंबईतही ७ ऑगस्ट २०१० रोजी बंदराच्या तोंडाशी दोन परक्या झेंड्यांची जहाजे आदळली होती, कंटेनर पाण्यात तरंगत होते आणि तेलाचे थर उरण-अलिबागच्या बाजूला लागले होते. मासळी बाजार ओस पडला. ज्या कोळणीचा धंदा बसला, तिने पनामाचे नावही ऐकलेले नव्हते.

पुढे आणखी एक वळण येत आहे. देशांच्या हद्दींबाहेरील समुद्रातील जीवसृष्टीच्या रक्षणाचा करार २०२३ साली मंजूर झाला आणि १७ जानेवारी २०२६ रोजी अमलात आला. त्यातही गरीब देशांना विद्या आणि साधने देण्याचा स्वतंत्र भाग आहे. दुसरीकडे जहाजांचे इंधन बदलू लागले आहे. काळ्या तेलाऐवजी मिथेनॉल, अमोनिया, हायड्रोजन. अमोनिया विषारी आहे. त्याची गळती झाली तर इंजिनखोलीतल्या माणसाला पळावयासही सवड मिळणार नाही. येत्या काही वर्षांत लक्षावधी खलाशांना हे नवे काम शिकवावे लागेल, आणि त्यांतले बहुतेक फिलिपाइन्स, इंडोनेशिया, चीन, भारत अशा देशांचे असतील. खर्च कोणी करावयाचा? सागरी संघटनेने एप्रिल २०२५ मध्ये एक योजना तत्त्वतः मान्य केली. धूर जास्त सोडणाऱ्या जहाजांनी पैसा भरावा, आणि त्या निधीतून इतर कामांबरोबर खलाशांचे शिक्षणही व्हावे, असे तीत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती अखेरच्या मंजुरीसाठी लंडनच्या बैठकीपुढे आली. अमेरिकेने कडाडून विरोध केला, मते फुटली, आणि निर्णय एक वर्ष पुढे ढकलला गेला. नव्या इंधनाची जहाजे मात्र गोदीतून पाण्यात उतरू लागली आहेत, आणि त्यांच्यावर चढणाऱ्या मुलांच्या शिकवणीची फी आज तरी त्यांचे आईबापच भरीत आहेत.